मराठ्यांच्या आरमारावरचं पुस्तक सापडत नाही, सापडलं तर परवडत नाही: आधी काय काय तपासाल

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते कळेल.

ऑनलाइन दुकानात 'आरमार' असं टाकलं की शिवचरित्रं येतात. चारशे पानांच्या ग्रंथात आरमाराचं प्रकरण बारा पानांचं. हवं ते इंग्रजी पुस्तक दिसतं, पण किंमत नऊ हजार, आणि वर 'एकच प्रत शिल्लक' ही धमकी. मराठी पुस्तक असेल तर आवृत्ती संपलेली. गावातला दुकानदार "मागवून देतो ना मॅडम" म्हणतो आणि तीन आठवड्यांनी फोन केला की "कोणतं पुस्तक म्हणालात?" स्वस्तातलं पुनर्मुद्रण मागवलं तर नकाशाच्या जागी करडा डाग. वाचनालयाच्या यादीत पुस्तक आहे, कपाटात नाही. आणि सगळ्यात चिवट लक्षण: पैसे घालून तीन-चार पुस्तकं घेतली, पण ज्या प्रश्नासाठी घेतली तो प्रश्न होता तिथेच.

यातली दोन लक्षणं जरी जुळत असतील तर पुढचं वाचा. मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्याकडे समुद्र नाही. तापी जाते समुद्राला, पण ती सुरतेकडून, आणि आम्हाला न विचारता. मला मराठ्यांच्या आरमाराचा नाद लागला तेव्हा सासरे म्हणाले होते, "बोरीले पानी नई, आन् तू जहाजस्ना पुस्तकं वाची ऱ्हायनी!" बोरी म्हणजे आमची नदी, आणि त्यांचं खरंच होतं. पण नाद लागला तो लागला, आणि मग दर वर्षी कुणीतरी येऊ लागलं. प्रकल्प करणारी मुलं, पीएच.डी.ला नाव घातलेला भाचा, किल्ले फिरून आलेले बँकेतले एक साहेब. तक्रार प्रत्येकाची हीच, त्यामुळे आता क्रम ठरून गेलाय. फुकटाचं आधी, खर्चाचं शेवटी. क्रम मोडू नका, कारण मी तो मोडून पैसे घालवले आहेत.

प्रश्न कागदावर लिहा

'आंग्र्यांच्या आरमाराबद्दल वाचायचंय' हा प्रश्न नव्हे, ही हौस. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पुस्तकाच्या दुकानात असतं.

एका मुलीने मला वर्गात विचारलं, "मॅडम, गलबताला वल्ही किती असायची?" मी म्हटलं, उद्या सांगते. तो 'उद्या' चार महिन्यांनी उजाडला. तेवढ्यात मी चार पुस्तकं मागवली होती, टपालखर्चासकट दोन हजार सहाशे चाळीस रुपये. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर, शेवभाजीचं पातेलं बाजूला सारून, चारही पुस्तकं त्या त्या पानावर उघडून ओळीने मांडली आणि पेन्सिल घेऊन बसले. चौघांत तेच: मोठ्यात मोठं गलबत सत्तर टनांच्या वर सहसा नाही, डोलकाठ्या दोन, भक्कम वल्ही चाळीस-पन्नास. घुराब (गलबताहून मोठं लढाऊ जहाज) दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची असेल तर तीनशेच्या आसपास. आकड्यांचा क्रमसुद्धा सारखा. तिघांनी हे कुठून घेतलं ते सांगितलंच नव्हतं. चौथ्याने तळटीप दिली होती: रॉबर्ट ऑर्म. हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार, १८०१ साली वारला. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ चा. आज तो कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं.

म्हणजे मी एकच परिच्छेद चार वेळा विकत घेतला होता.

तेव्हापासून नियम: आधी एका ओळीत प्रश्न लिहायचा. त्याखाली, याचं उत्तर मला नेमक्या किती पानांत मिळायला हवं, ते लिहायचं. बहुतेकदा दहा पानं पुरतात. दहा पानांसाठी पुस्तक विकत घ्यायचं नसतं, गाठायचं असतं. आणि घरात आधीच असलेल्या पुस्तकाच्या तळटीपा वाचायच्या. पुढचं पुस्तक कोणतं ते तिथे लिहिलेलं असतं, आपण ती पानं उलटून टाकतो एवढंच.

नाव बदलून शोधा

दहातल्या सहा जणांचं दुखणं इथेच बरं होतं. पुस्तक असतं, पण तुम्ही हाक मारता त्या नावाने ते ओ देत नाही.

मराठीतच किती रूपं बघा: आंग्रे, आंगरे, गुराब, घुराब, गुराबा, कुलाबा, कोलाबा. इंग्रजीत तर बोलायलाच नको. आंग्रे तिथे 'अँग्रिया' होतात. विजयदुर्ग त्यांच्या लेखी 'घेरिया'. खांदेरी-उंदेरी म्हणजे 'केनरी-हेनरी'. सुवर्णदुर्गाचा 'सेव्हर्नड्रूग'. घुराब 'ग्रॅब', गलबत 'गॅलिव्हॅट'. बाणकोट कधी 'बँकूट' तर कधी 'फोर्ट व्हिक्टोरिया'. जंजिऱ्याच्या सिद्दीची स्पेलिंगं मी मोजणं सोडून दिलंय.

यात सापळेही आहेत. कुलाबा म्हटलं की मुंबईचा कुलाबा पुढे येतो. आपल्याला हवा तो अलिबागसमोरचा किल्ला, कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. तेव्हा सोबत 'अलिबाग' जोडायचंच. सुवर्णदुर्गाची तर गंमतच आहे. १७५५ साली कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने तो किल्ला घेतला, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ 'सेव्हर्नड्रूग' नावाचा एक बुरूज बांधला. १७८४ चा तो बुरूज अजून उभा आहे. साहजिकच शोधयंत्र आधी तिथली चहाची वेळ सांगतं. त्यात बंगळुरूजवळच्या सावनदुर्गाचं जुनं इंग्रजी स्पेलिंगही जवळपास असंच. १७९१ मधला तो वेढा वाचून एका मुलाने माझ्याकडे दोन पानं लिहून आणली होती, कोकणातली म्हणून. समुद्राचा उल्लेख कुठेच कसा नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं.

आणखी एक. इंग्रजांच्या लेखी आंग्रे म्हणजे चाचे. त्यामुळे त्यांच्यावरची जुनी पुस्तकं 'मराठा' या कप्प्यात नसतात, 'पायरसी'च्या कप्प्यात असतात. क्लेमंट डाउनिंग हा स्वतः आंग्र्यांवरच्या मोहिमांत होता. १७३७ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'अँग्रिया द पायरेट' आहे, आणि तेही 'पायरेट'मध्ये आयच्या जागी वाय घालून. नेहमीच्या स्पेलिंगने शोधाल तर हातचं जाईल. तसंच, चार्ल्स रॅथबोन लो याच्या १८७७ सालच्या दोन खंडांच्या इतिहासाच्या नावात 'इंडियन नेव्ही' आहे. ती स्वतंत्र भारताची नव्हे आणि मराठ्यांचीही नव्हे, कंपनीची. १६१३ ते १८६३ हा त्याचा काळ. पण शत्रूच्या दप्तरात आपलं वर्णन सापडतं तसं त्यात मराठ्यांचं सापडतं. नावावर जाऊन बाजूला ठेवू नका.

एक वही करा. डावीकडे आपलं नाव, उजवीकडे जितकी रूपं भेटतील तितकी. माझी वही आता भाचा वापरतो, आणि परत देत नाही.

फुकट आहे का ते पाहा

आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क लेखक गेल्यावर साठ वर्षं राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. सरकारी प्रकाशन असेल तर प्रकाशनापासून साठ वर्षं. म्हणजे पुस्तक मागवण्याआधी लेखक कधी गेला ते पाहायचं. इतिहासकार यदुनाथ सरकार १९५८ साली गेले, सुरेंद्रनाथ सेन १९६२ साली. सेनांचं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं पुस्तक १९२८ सालचं, त्यात आरमाराचा भाग चांगला भरीव आहे. हे सगळं आता मुक्त. इंटरनेट आर्काइव्हवर आणि भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अशा पुस्तकांच्या छायाप्रती आहेत. लोक हीच पुस्तकं हजार-बाराशेला मागवतात म्हणून जीव तुटतो.

एक अट लक्षात ठेवा: मूळ मुक्त असलं तरी नंतरच्या भाषांतरकाराचा, प्रस्तावना-टीपा लिहिणाऱ्या संपादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फिरवणाऱ्या ग्रुपांत जाऊ नका. मराठीत या विषयावर लिहिणारे मोजके, त्यांच्या हजार प्रती खपायला दहा वर्षं लागतात.

छायाप्रत मिळाली म्हणजे झालं असं नाही. चार गोष्टी बघून घ्या. घडीचा नकाशा उलगडून टिपलाय की घडी तशीच ठेवून? बहुतेक वेळा तशीच ठेवलेली असते. मग त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयाची छायाप्रत शोधायची. एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती चढवलेल्या असतात आणि एखादीत नकाशा नीट असतो. दुसरं, सगळे खंड आहेत का. तिसरं, मधली पानं गळाली आहेत का. पानांचे आकडे शेवटपर्यंत दामटून बघा, दोन मिनिटांचं काम.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांबुडकं, जवळजवळ एफसारखं असायचं. संगणक ते एफ म्हणूनच वाचतो. त्यामुळे ऑर्मच्या १७६३ च्या प्रतीत 'शिप' शोधलंत तर एकही जहाज सापडत नाही, अख्खं आरमार बुडाल्यासारखं. एसच्या जागी एफ घालून शोधा, धडाधड सापडतात. नाहीतर सरळ १८०० नंतर छापलेली प्रत घ्या. तोवर हे अक्षर छपाईतून गेलं होतं. देवनागरी छायाप्रतींत मात्र यंत्रावर अजिबात विसंबू नका. जोडाक्षरं त्याला झेपत नाहीत. शेवटची सूची उघडा आणि जुन्या पद्धतीने बोट फिरवत जा.

सरकारी पुस्तकं

स्वस्त आणि भरवशाचं असं दोन्ही एकत्र इथे मिळतं, पण इकडे कुणी वळत नाही. ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटिअरचा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड (खंड ११, १८८३) घ्या. त्यात आंग्रे घराण्याचा इतिहास आहे. रत्नागिरी-सावंतवाडीच्या खंडात (खंड १०, १८८०) विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग. हे सगळे आता संगणकावर फुकट वाचता येतात. राज्याचा दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभाग जुने खंड पुन्हा छापतो, ते शासकीय ग्रंथागारात माफक किमतीला मिळतात. मुंबईला गेलात तर चर्नी रोडच्या ग्रंथागारात डोकावून या. (जाता जाता खंड १२ सुद्धा चाळा. तो आपल्या खानदेशाचा आहे. इथला व्यापार सुरत बंदराशी कसा बांधलेला होता ते त्यात दिसतं, आणि मग 'आपला समुद्राशी काय संबंध' हा प्रश्न फारसा पडत नाही.)

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच जुनी प्रकाशनं मोफत आहेत. याच मंडळाने १९७३ साली बी. के. आपटे यांचा मराठा आरमार आणि व्यापारी जहाजांवरचा इंग्रजी ग्रंथ काढला होता. या विषयात एकच पुस्तक हाताशी ठेवायचं म्हटलं तर मी ते ठेवेन. जुन्या प्रतीला बाजारात काहीही किंमत सांगतात, म्हणून आधी मंडळाची यादी आणि वाचनालयं, बाजार नंतर.

आणि आज्ञापत्र! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजासाठी लाकूड कसं तोडावं, रयतेच्या झाडांना हात का लावू नये, इथपर्यंत. मराठीतली पातळ, स्वस्त आवृत्ती मिळते. सभासदाच्या बखरीत जहाजांच्या जातींची नावं येतात. लोक इंग्रजीच्या मागे हजारो घालवतात आणि ही दोन घरात नसतात.

वाचनालय, आणि धुळ्याची एक फेरी

तालुक्याच्या वाचनालयात जाऊन "आरमारावर काही आहे का?" असं विचारू नका. "नाही" हेच उत्तर मिळेल, आणि विचारणाराच चुकलेला असेल. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, साल असं चिठ्ठीवर लिहून न्या. यादीत आहे आणि कपाटात नाही, तर तीन शक्यता: बांधणीला गेलंय, 'संदर्भ' विभागात कुलुपात आहे, किंवा चरित्राच्या कपाटात चुकून बसलंय. आमच्याकडे एक गलबतांवरचं पुस्तक वर्षभर 'प्रवासवर्णन' मध्ये होतं. ग्रंथपालांशी भांडायचं नाही. 'अ' वर्गाच्या वाचनालयातही माणसं कमी आणि कपाटं जास्त अशीच अवस्था असते. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय ही जुनी वाचनालयं आहेत, आणि जुन्या वाचनालयात जुनी पुस्तकं असतात, इतकं साधं ते गणित आहे.

पण खानदेशात राहून या विषयात हात घालायचा तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जायलाच हवं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच गेले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला. त्यांनी गोळा केलेलं पुढे जपावं म्हणून १९२७ मध्ये मंडळ निघालं. कागद, पोथ्या, जुने ग्रंथ. पुण्यात राहणाऱ्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तर आपल्याला हे आहे, अमळनेरहून एसटीने तासा-सव्वा तासात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा न कळवता गेले, आणि सुट्टी निघाली. मे महिन्यात धुळ्याच्या बस स्टँडवर उसाचा रस पिऊन परत आले. आधी फोन करा. काय बघायचंय ते पत्रात लिहून न्या, महाविद्यालयाचं किंवा वाचनालयाचं शिफारसपत्र असेल तर जोडा. पेन नको, पेन्सिल न्या. जुन्या कागदावर बोटं ओली करून पानं उलटू नका. फोटो काढायचा तर विचारून. झेरॉक्सचा आग्रह धरू नका, शंभर वर्षांच्या पुठ्ठ्याला यंत्रावर दाबलं की तो मोडतो.

राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड छायाप्रतींत मुक्त आहेतच, पण तिथे बसून सूची चाळण्यात वेगळाच फायदा आहे: शेजारच्या माणसाला माहीत असतं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात आंग्रे मंडळी वारंवार येतात, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, तिथल्या वाचनकक्षात समोर बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं.

प्रबंध आणि लेख

थोडक्यात: शोधगंगा उघडा. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट आहेत. दर्जा वर-खाली असतो, पण मागची ग्रंथसूची सोन्यासारखी, कारण ती जमवायला कुणीतरी पाच वर्षं घातलेली असतात. भारतीय इतिहास परिषदेच्या (इंडियन हिस्टरी काँग्रेसच्या) वार्षिक अधिवेशनांतल्या निबंधांत आपल्या विषयाचे सहा-आठ पानांचे लेख सापडतात. 'दहा पानं पुरतात' म्हटलं होतं ना, ती बहुधा हीच.

जुन्या पुस्तकांचा बाजार

इथून खिशाला हात. मुंबईत फोर्टातले फूटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. पण दर वेळी जाणं होत नाही, म्हणून फोनवर ओळख करून ठेवायची. जुनी पुस्तकं विकणारा माणूस एकदा तुम्हाला 'आरमारवाल्या ताई' म्हणून ओळखू लागला की तो स्वतःहून फोन करतो. मला गेल्या वर्षी तसाच फोन आला, आणि पुस्तक निघालं पाणबुड्यांचं. असो.

पैसे पाठवण्याआधी पाच फोटो मागा: मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, त्याच्या मागचं पान (आवृत्ती आणि साल तिथे असतं), नकाशा असेल तर तो उघडून, आणि शेवटचं पान. शेवटच्या पानाचा आग्रह यासाठी की सूची फाडलेली प्रत संदर्भाला निम्म्या कामाची. वाळवीची बारीक भोकं दिसली तर कितीही स्वस्त असो, नको. ती प्रत एकटी येत नाही, घरातल्या बाकी पुस्तकांसाठी पाहुणे घेऊन येते. घासाघीस करा, पण मिळालेल्या माणसाला टिकवून करा. साहित्य संमेलनांत जुन्या आणि उरलेल्या आवृत्त्या येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत संमेलन आमच्या अमळनेरातच भरलं होतं, तेव्हा शेवटच्या दिवशी संध्याकाळी, प्रकाशक खोकी बांधायला लागले असताना, मी चाळीस टक्के कमी किमतीत दोन पुस्तकं घेतली. परत न्यायचं वजन कुणालाच नको असतं.

मागणीनुसार छापून देणारी पुनर्मुद्रणं मी शेवटून दुसऱ्या पायरीवर ठेवते. फुकट छायाप्रतच कागदावर उमटवून हजार रुपयांना देतात, आणि त्यात घडीचे नकाशे, चित्रं बहुधा गळालेली. डोळ्यांना पडद्याचा त्रास होतो म्हणून कागद हवा असेल तर घ्या, तक्रार नाही. अन्यथा हवी ती चाळीस पानं गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल करून घ्या, तुलनेने पैसे उरतील. दोन खंडांच्या ग्रंथाचा एकच खंड 'संपूर्ण' म्हणून गळ्यात बांधतात, तेवढं मात्र आधी लेखी विचारून घ्या.

नवं, परदेशी, महागडं

आता तो नऊ हजारांचा ग्रंथ. आधी वाट पाहा. विद्यापीठीय प्रकाशनं पहिल्यांदा कडक पुठ्ठ्यात ग्रंथालयांसाठी काढतात. वर्ष-दोन वर्षांत कागदी बांधणीची आवृत्ती येते, कधी केवळ भारतीय उपखंडासाठीची, आणि किंमत धाडकन उतरते. बाहेरून मागवताना लक्षात घ्या की छापील पुस्तकावर जीएसटी नसला तरी २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर पाच टक्के शुल्क लावलं, आणि कुरिअरवाल्याचा हाताळणीखर्च त्याहून बोचतो. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे खरेदीची मागणी नोंदवा. वर्षअखेरीला अनुदान संपवायचं असतं, तेव्हा यादी तयार असलेल्या प्राध्यापकाचं पुस्तक लागतं. यादी मार्चमध्ये नव्हे, डिसेंबरातच तयार लागते. आम्ही तिघी-चौघींनी मिळून एक पुस्तक वर्गणीने घेतलंय. सहा-सहा महिने एकेकीकडे असतं. पहिल्या पानावर पेन्सिलने पाळी लिहिलेली आहे आणि त्यावरून अजून तरी बोलणं बंद झालेलं नाही.

लेखकाला पत्र लिहायलाही हरकत नाही. दोन ओळी, नेमका प्रश्न. बरेच जण आपला लेख स्वतःहून पाठवतात. आख्खं पुस्तक मागू नका, ते बरं दिसत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

प्रश्नाचं उत्तर छापील पुस्तकात नसून मूळ कागदात आहे हे कळलं की आपली पायरी संपली. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर मोडीत आहे. 'मला थोडी मोडी येते' या बळावर त्यातला आकडा उचलून छापू नका. मोडीत आकडा आणि मजकूर एकमेकांत असे मिसळतात की चाळीस खंडी भात आणि चाळीस माणसं यात घोटाळा होतो. मोडी वाचक लावा, त्याची मजुरी द्या. गोव्याच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद, किंवा लंडनला असलेले कंपनीचे मूळ अहवाल, यासाठी ती भाषा आणि ती दप्तरं कोळून प्यायलेला संशोधकच हवा.

पुस्तक जुनं आणि मोडकं असेल तर सेलोटेप लावू नका. डिंक नको, उन्हात वाळवणं तर नकोच, आपल्या मे महिन्याच्या उन्हात कागदाचा पापड होतो. कागद जतन करणारा तंत्रज्ञ लागतो. कुणी दुर्मीळ पहिली आवृत्ती म्हणून दहा-वीस हजार सांगत असेल तर जुन्या ग्रंथांच्या जाणकार पारख्याला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि रद्दीत, जुन्या वाड्यात मोडी कागदांचं गाठोडं निघालं तर सौदा करू नका. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. गाठोडं न सोडता थेट राजवाडे मंडळात किंवा पुराभिलेख विभागात कळवा.

दोन वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी असंच गाठोडं घेऊन माझ्याकडे आली होती, आजीच्या पेटीतलं. वरच्या कागदावर तिला 'आंगरे' असं काहीतरी दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसलं. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धुळ्याला गेलो. मोडी वाचणाऱ्या काकांनी चष्मा वर केला, कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "अंगारा. अंगाऱ्याचे पैसे पोचले, एवढंच आहे. खाली बैलजोडीचा हिशेब."